दोनशे साठ फेकी

रमजान तडवीच्या उजव्या कोपरात आता साधारण दोनशे साठ फेकी शिल्लक आहेत, ही गोष्ट जानेवारीतल्या त्या सकाळी जगात एकाच माणसाला माहीत होती, आणि तो माणूस रमजान नव्हता.

डॉ. हेमांगी वायकोळेनं आकडा पुन्हा काढला. दोनशे अठ्ठावन्न. तिसऱ्यांदा काढला. दोनशे एकसष्ट. खिडकीबाहेर जळगावच्या वाघूर संघाचं मैदान कोवळ्या उन्हात होतं, आणि रमजान चेंडू झेलणाऱ्या कॅचरशी काहीतरी बोलून हसत होता. दंडापासून मनगटापर्यंतचा राखाडी पट्टा त्यानं अजून उतरवला नव्हता. त्या पट्ट्यातून येणारे ठिपके हेमांगीच्या पडद्यावर गोळा होत होते.

जळगावात सॉफ्टबॉल जुनाच. त्यामुळे देशात बेसबॉलची व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा पश्चिम गटात जळगावचा संघ असणार हे ठरल्यासारखंच होतं. गटात चार संघ आणि प्रत्येकाचे साठ सामने. जो पहिला येईल तोच पुढच्या फेरीत जाणार. आणि या खेळात सगळं असतं पिचरच्या हातात. एका सामन्यात तो नव्वदेक वेळा पूर्ण ताकदीनं चेंडू फेकतो, मग चार-पाच सामने बाहेर बसतो, कारण हात तेवढाच सोसतो. दोनशे साठ फेकी म्हणजे तीन सामनेसुद्धा नाहीत.

हेमांगीच्या यंत्राचं नाव होतं कानोसा. कोपराच्या आतल्या बाजूला, दंडाचं हाड आणि हाताचं हाड यांना धरून ठेवणारा एक अस्थिबंध असतो. बोटाएवढाही रुंद नसलेली ही पट्टी हजारो तंतूंची बनलेली असते. दर फेकीला तिच्यावर जवळजवळ तुटेल एवढा ताण येतो. ती तुटत नाही, पण तिच्यातले काही तंतू तुटतात आणि सामन्यांच्या मधल्या दिवसांत शरीर ते पुन्हा विणतं. प्रत्येक तंतू तुटताना आवाज करतो. हा आवाज आपल्या कानाच्या फार वरचा असतो आणि सेकंदाच्या लाखाव्या भागात विरून जातो. पुलांचे दोर आणि गॅसच्या टाक्या तपासायला अभियंते अशा आवाजांवर पूर्वीपासून लक्ष ठेवून असत. हेमांगीनं दहा वर्षं घालवून तेच तंत्र माणसाच्या कोपराला लावलं होतं.

त्यातली खुबी अशी होती की, धड अस्थिबंध पूर्वी सोसलेल्या ताणापर्यंत गप्प राहतो. ताण त्यापुढे गेला, तरच बोलतो. खचलेला मात्र अर्ध्या ताणालाच बोलू लागतो. एमआरआयला हे दिसत नाही, कारण त्याला पट्टी दिसते, तंतू दिसत नाहीत. रमजानचा अस्थिबंध गेले तीन आठवडे अर्ध्या ताणाला बोलत होता. तुटण्याचा वेग विणण्याच्या वेगापुढे गेला होता.

करारानुसार कानोशाचा आकडा आधी व्यवस्थापनाला कळवायचा होता. हेमांगी टॅब्लेट घेऊन जिना चढली.

संघाचे सर्वाधिकारी जयवंत फिरके चहा पीत होते. माणूस आवाज न चढवणारा. त्यांनी आकडा पाहिला आणि कप खाली ठेवला.

"किती खात्रीनं सांगता, डॉक्टर?"

"तीसचा फरक पडेल, इकडे किंवा तिकडे. सर, त्याला आजच थांबवायला हवं. आठ-दहा महिने हात राखला तर शस्त्रक्रियेशिवाय भरून येईल. सगळं पुन्हा पहिल्यासारखं होऊ शकतं."

"त्याचा करार मार्चमध्ये संपतो," फिरके म्हणाले. "त्याच्या दहा महिन्यांचं आपण काय करायचं?"

फिरके भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते. सोलापूर पहिलं आणि चार विजयांनी मागे जळगाव. प्रत्येकाचे चोवीस सामने बाकी होते. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत शनिवारी संपणार होती.

"सोलापूरवाले दोन वर्षं रमजान मागताहेत," फिरके सावकाश म्हणाले. "मी म्हटलं तर त्यांचा मुख्य फलंदाज, सुखदेव मस्के, आपल्याला देतील. वर शेवटच्या डावात सामना राखणारा त्यांचा पिचरही देतील."

"सर, पण हा आकडा…"

"नियम काय मागतो? एमआरआय आणि डॉक्टरांची तपासणी. एमआरआय स्वच्छ आहे ना?"

"स्वच्छ आहे."

"कानोसा अजून चाचणीतलं उपकरण आहे. मान्यता नाही. मग तो अहवाल वैद्यकीय कसा?" त्यांनी टॅब्लेट तिच्याकडे सरकवला. "तुम्हाला खोटं बोलायला मी सांगत नाही. न विचारलेलं सांगू नका, एवढंच. आणि हे यंत्र, ही प्रयोगशाळा कुणाच्या नावावर आहे, ते तुम्ही विसरणार नाही याची मला खात्री आहे."

जिना उतरताना हेमांगीनं स्वतःची समजूत घातली की, सोलापूरवाले स्वतःच नाही म्हणतील.

पण शुक्रवारी विचारणा झाली, आणि ती थेट तिलाच झाली. फोनवर झांबरे सर होते. हेमांगी आठवीत असताना तिच्या हातात पहिला ग्लोव्ह घालणारे हेच झांबरे सर. रमजानला तर त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळेतून, आंब्याच्या झाडावर दगड मारताना बघून उचललं होतं. आता ते सोलापूरच्या संघात पिचरांचे प्रशिक्षक होते.

"हेमा, अगं कागद सगळे आलेत," सर म्हणाले. "कागदाचं मला सांगू नकोस. आमचे मालक घाबरताहेत, मस्के जातोय म्हणून. तू त्या पोराचा हात रोज बघतेस. ठीक आहे ना त्याचं?"

हेमांगीच्या ओठांवर वाक्य आलं होतं. ती खुर्चीवरून उठून उभीसुद्धा राहिली होती.

"अहवाल पाठवलाय, सर," ती म्हणाली. "त्यात सगळं आहे."

"बस, तू म्हणतेस ना? मग झालं." सरांनी आनंदानं फोन ठेवला.

रविवारी रमजान निरोप घ्यायला प्रयोगशाळेत आला. अठ्ठावीस वर्षांचा, उंच, सडसडीत गडी. पट्टा घडी करून त्यानं टेबलावर ठेवला.

"जातो, ताई. सरांकडे जायचं म्हणून बरं वाटतंय, पण जळगाव सोडायचं म्हणून…" तो जरा घुटमळला. "ताई, एक विचारू? मधूनमधून कोपरात आतून मुंगी चावल्यासारखं होतं. जोरात नाही. उगीच आपलं. कानोसा काय म्हणतो?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत शंका नव्हतीच. डॉक्टरांकडून 'काही नाही' ऐकायला आलेल्या माणसाची ती नजर होती.

"काही नाही," हेमांगी म्हणाली. "नेहमीसारखंच आहे."

ती प्रयोगशाळेतच बसून राहिली. पहिल्यांदा ती न विचारलेलं बोलली नव्हती. दुसऱ्यांदा विचारलेलं टाळलं होतं. आज तर सरळसरळ खोटं बोलली होती. एका आठवड्यात ती एवढी पुढे आली होती आणि वाटेत कुठेही तिचा पाय अडला नव्हता.

सोलापूरकडून रमजान पहिल्या सामन्यात चौऱ्याण्णव फेकी टाकून जिंकला. दुसऱ्यात एक्याण्णव. सोलापूरची आघाडी पाचावर गेली, आणि जळगावात फिरकेंच्या नावानं शिमगा सुरू झाला. हातातला हिरा दुसऱ्याच्या ताटात वाढला म्हणून लोकांनी संघाच्या फाटकाला चपलांची माळ घातली. फिरके शांत होते. हेमांगी घरी टीव्हीसमोर वही घेऊन बसे आणि फेकी मोजत राही. एक्याऐंशी, ब्याऐंशी. तिच्या नवऱ्यानं, शिरीषनं, एकदा विचारलं, "तुमच्या संघातून गेला ना तो? मग कशाला मोजतेस?" तिनं वही मिटली. त्यालाही ती काही बोलली नव्हती. आपलं यंत्र चुकावं म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती. दहा वर्षांचं काम खोटं ठरलं असतं, तर तिनं पेढे वाटले असते.

एकशे पंच्याऐंशी फेकी झाल्या होत्या. उरल्या पंचाहत्तर. रमजानचा तिसरा सामना होता जळगावशीच, सोलापुरात.

हेमांगी संघाबरोबर गेली. सकाळी दहा वाजता ती मैदानावर झांबरे सरांना गाठायला निघाली, तेव्हा सगळं सांगून टाकायचं तिनं पक्कं केलं होतं. सर पायऱ्यांवर बसून पेरू खात होते. तिला पाहताच अर्धा तिच्या हातात दिला.

"ये गं. बघितलंस ना पोराला? अगं, काय टाकतोय! खरं सांगू, तुझा शब्द नसता तर मालकांनी मस्केला सोडलंच नसतं."

"सर, रमजानला आज साठच्या वर फेकू देऊ नका."

"का?"

का. एवढाच प्रश्न होता आणि उत्तरही एका दमात सांगता येण्याजोगं होतं. पलीकडे जाळीजवळ फिरके उभे होते, त्यांचं लक्ष इकडे नव्हतंही कदाचित. हेमांगीला प्रयोगशाळा आठवली. पट्ट्यातले सहा संवेदक, एकेक तिनं स्वतः जोडलेला. साठवर थांबला तर आजचा दिवस निघेल, मग उद्या फोन करून सविस्तर सांगता येईल, असा हिशेब तिच्या मनानं तेवढ्या वेळात करून टाकला.

"थकलेला वाटतो," ती म्हणाली.

सर मोठ्यांदा हसले. "लबाड! आज तू जळगावची आहेस होय! माझा पिचर साठवर काढायला सांगतेस मला?" त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "जा, तुझ्या लोकांत जाऊन बस."

ती गेली.

पाचव्या डावात रमजाननं साठ ओलांडल्या. तेव्हा हेमांगी बाकावरून उठली. मैदानाला वळसा घालून सोलापूरच्या बाकापर्यंत जायला दोन मिनिटं लागली असती. ती कुंपणाच्या कडेनं चालू लागली, मग जवळजवळ धावू लागली. चौसष्ट. पासष्ट. दारावरच्या माणसानं तिचं ओळखपत्र पाहिलं आणि दुसऱ्या संघाला इकडे येता येत नाही म्हणून अडवलं. ती त्याच्याशी हुज्जत घालत असतानाच अडुसष्टावी फेक झाली.

आवाज आला नाही. चेंडू फलंदाजाच्या आसपासही न जाता भलतीकडे जाळीत गेला, आणि रमजान हात पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला. झांबरे सर धावत मैदानात गेले, त्यांची टोपी वाटेत पडली.

अस्थिबंध संपूर्ण तुटला होता. तुटताना त्यानं शेजारची नस ओढली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं. शस्त्रक्रिया झाली. हात हलेल, कामधंदा करता येईल, पण चेंडू धरून पूर्ण ताकदीनं फेकणं विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मग पश्चिम गटाचं पारडं फिरलं. तो सामना जळगावनं जिंकला, आणि राहिलेल्या दहा सामन्यांत सोलापूर सात हरलं. रमजान नव्हता, मस्के आधीच दिलेला होता, आणि शेवटच्या डावाला हुकमी पिचर उरला नव्हता. जळगाव आठ जिंकलं, त्यातले तीन मस्केनं काढून दिले. चार विजयांची पिछाडी भरून जळगाव एका विजयानं पुढे जाऊन गटविजेतं झालं. फाटकावर चपला बांधणाऱ्यांनीच फिरकेंना खांद्यावर घेतलं. वर्तमानपत्रांनी त्यांना द्रष्टा म्हटलं. मिरवणुकीत फिरकेंनी हेमांगीला हात देऊन ट्रकवर ओढलं आणि तिच्या कपाळाला गुलाल लावत हळूच म्हणाले, "अर्धं श्रेय तुमचं."

घरी येऊन तिनं चार वेळा कपाळ धुतलं. मग स्वयंपाकघरात शिरीषला समोर बसवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग, हेमांगी? माझं काय तुटलंय?"

दुसऱ्या दिवशी ती रमजानच्या गावाच्या, पालच्या रस्त्याला लागली.

रमजानचं घर गावाच्या टोकाला होतं. तो अंगणात खाटेवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. त्याची बायको जुबेदा ज्वारी पाखडत होती. ताई आल्या म्हणताच ती सूप ठेवून चहाला उठली.

"तुम्ही एवढ्या लांब आलात, ताई," रमजान संकोचून म्हणाला. "मीच चुकलो खरं तर."

"तू?"

"हात सांगत होता ना. सोलापूरला गेल्यापासून रोज सांगत होता. मुंगी नव्हती राहिली, विंचू झाला होता. पण तुम्ही म्हणाला होता काही नाही. मग मी म्हटलं, यंत्राला कळतं ते आपल्याला काय कळणार? आपलंच मन कच्चं आहे." तो ओशाळं हसला. "म्हणून सरांनाही नाही बोललो."

हेमांगी घरून वाक्यं जुळवून आली होती. त्यातलं एकही तिला आठवेना.

"यंत्र सांगत होतं, रमजान," ती म्हणाली. "तू निघालास त्याच्या आधीच. दोनशे साठ फेकी उरल्यात असं सांगत होतं. मला माहीत होतं. फिरके सरांना माहीत होतं. तू विचारलंस आणि मी खोटं बोलले."

जुबेदा चहाचे कप घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली.

रमजान पायाजवळच्या मातीकडे बघत होता. "थांबलो असतो तर?"

"आठ-दहा महिन्यांत बरा झाला असता."

"पूर्ण?"

"बहुतेक पूर्ण."

मग त्यानं विचारलं, "झांबरे सरांना माहीत होतं?"

"नाही. मी त्या दिवशी अर्धवट बोलले. त्यांना थट्टा वाटली."

"सर परवा इथं येऊन गेले," रमजान म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "नोकरी सोडलीय त्यांनी. इथं, या खाटेवर बसून रडले. माझ्यासमोर. म्हणाले, मी तुला पाचव्या डावात काढायला पाहिजे होतं, पोरगी येऊन सांगून गेली होती, मी हसलो." तो उठून उभा राहिला. "तुम्ही इथं कशाला बसलाय? जा. आधी त्यांना सांगा."

जुबेदानं चहा परत आत नेला.

झांबरे सरांच्या घरी हेमांगी संध्याकाळी पोहोचली. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना ते खुर्चीत हळूहळू ताठ होत गेले. महिनाभर पाठीवर असलेलं ओझं कुणीतरी काढून घेतल्यावर माणूस होतो तसे. पण चेहऱ्यावर सुटका नव्हती.

"मी 'का' विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो, सर."

"आठवीपासून तुला ओळखतो मी. तू बाद असताना पंचांनी बाद दिलं नाही, तर स्वतः चालत बाहेर यायचीस." ते उठले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. "पत्र लिही लीगला. सगळ्या आकड्यांसकट. आणि ते जाईपर्यंत माझ्याशी बोलू नकोस."

पत्र तिनं त्याच रात्री पाठवलं. फिरकेंनी आधी तिला कामावरून काढलं, मग वकील पाठवला. वकील सभ्य होता. त्यानं सुटकेची वाटही दाखवली. यंत्र चाचणीतलं होतं, त्याच्या आकड्यांवर विसंबण्याजोगा पुरावा नव्हता, म्हणून आम्ही ते ग्राह्य धरले नाहीत, एवढंच म्हणायचं. कुणालाच काही होणार नव्हतं.

एप्रिलमध्ये पुण्यात चौकशी समितीपुढे अध्यक्षांनी नेमकं तेच विचारलं. "डॉ. वायकोळे, त्या वेळी या आकड्यावर तुमचा स्वतःचा विश्वास होता का?"

पहिल्या रांगेत झांबरे सर बसले होते. दोन खुर्च्या सोडून रमजान आणि जुबेदा.

"पूर्ण होता," हेमांगी म्हणाली. "इतका, की मी घरी बसून फेकी मोजत होते."

दालनात कुजबुज झाली. अध्यक्षांनी पुढे काही विचारलं नाही.

जळगावचं गटविजेतेपद काढून घेतलं गेलं आणि सोलापूरला मिळालं. पण तोवर अंतिम फेरी होऊन गेली होती, त्यामुळे ते कागदावरच राहिलं. फिरकेंवर पाच वर्षांची बंदी आली आणि हेमांगीवर तीन. आणि नवा नियम झाला की, शरीर ऐकणाऱ्या कोणत्याही यंत्राचा आकडा आधी खेळाडूच्या हातात पडेल, मग इतरांच्या. हा नियम पुढे रमजानच्या नावानं ओळखला जाऊ लागला.

निकालानंतर बाहेर व्हरांड्यात हेमांगी थांबली होती. झांबरे सर तिच्या जवळून गेले, एक क्षण रेंगाळले, मानेनंच 'ठीक' म्हणाले आणि पायऱ्या उतरले. रमजान त्यांच्याबरोबर पुढे गेला. त्यानं वळून पाहिलं नाही. जुबेदा मात्र परत फिरून हेमांगीपाशी आली.

"त्यांनी निरोप सांगितलाय," ती म्हणाली. "राग आहे, असं सांगायला सांगितलंय. तुम्ही समितीपुढे खरं बोललात, ते त्यांनी ऐकलं. तरी आहे. म्हणाले, ताईंना सांग, घरी येऊ नका, फोन करू नका. राग गेला की मीच करीन."

"आणि नाही गेला तर?"

जुबेदानं डोक्यावरचा पदर सारखा केला. "ते मला नाही माहीत," ती म्हणाली, आणि निघून गेली.

या गोष्टीला आता दोन वर्षं होऊन गेली. हेमांगी जळगावातल्या एका महाविद्यालयात शरीरशास्त्र शिकवते. दुपारनंतर तालुक्यातले पैलवान आणि भालाफेकीच्या मुली तिच्याकडे सांधे दाखवायला येतात. आलेल्याला ती खुर्ची स्वतःच्या शेजारी ओढायला लावते, पडदा त्याच्याकडे वळवते, आणि जे दिसेल ते कितीही वाईट असलं तरी त्याच्याआधी स्वतः वाचत नाही. फोन ती कायम टेबलावर, आवाज चालू ठेवून, उताणा ठेवते. वर्गात असली तरी. विद्यार्थ्यांना वाटतं, मॅडमच्या घरी कुणीतरी आजारी असावं.

रमजानचा फोन अजून आलेला नाही.